सुक्या कचऱ्यात ओला कचरा पुन्हा पुन्हा का मिसळतो : महाविद्यालयाच्या आवारातील भेसळीचा नकाशा आणि दुरुस्ती

निळे-हिरवे डबे बसवून झालेले असतात, त्यांच्यावर चित्रांसह फलक लागलेले असतात, राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांचे पथनाट्यही पार पडलेले असते, आणि तरीही आवाराच्या मागच्या कोपऱ्यातील वर्गीकरण शेडमध्ये सुक्या कचऱ्याची पिशवी उघडली की तिच्या तळाशी चहा साचलेला सापडतो. मोहिमेनंतर पंधरा-वीस दिवस फरक जाणवतो आणि मग पहिले पाढे पंचावन्न. पुण्यातील ज्या महाविद्यालयांत या कामानिमित्त जाणे होते तिथे ही तक्रार थोड्याफार फरकाने सारखीच ऐकू येते. तिच्यावर उपाय म्हणून आवाराचा नकाशा काढून भेसळीच्या जागी लाल ठिपके देण्याचे काम अनेकदा दुसऱ्या वर्षाच्या पर्यावरण प्रकल्पात विद्यार्थ्यांकडे सोपवले जाते. नकाशा तयार होतो, प्राचार्यांच्या दालनाबाहेर लागतो, लाल ठिपक्यांच्या जागी आणखी फलक येतात, आणि पुढच्या सत्रात ठिपके होते तिथेच असतात.

असे होण्याचे मुख्य कारण विद्यार्थ्यांची बेफिकिरी नसून नकाशाची रचना असते, असे माझे मत आहे. भेसळ जिथे सापडली ती जागा नकाशावर येते. भेसळ जिथे झाली ती जागा येत नाही. डब्यातून गाडीत, गाडीतून जिन्याखालच्या कोपऱ्यात आणि तिथून शेडमध्ये असा कचऱ्याचा प्रवास असतो, आणि या प्रवासातील प्रत्येक टप्प्यावर तो मिसळू शकतो. तेव्हा दुरुस्तीची सुरुवात मोजणीपासूनच करावी लागते.

आधी भेसळ कशाला म्हणायचे ते ठरवावे

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी कचऱ्याचे विघटनशील, अविघटनशील आणि घरगुती घातक असे तीन भाग केले आणि ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठे आवार असलेल्या संस्थांवर जागेवरच वर्गीकरण करण्याची जबाबदारी टाकली. मात्र नियमाच्या दृष्टीने जे सुके आहे ते सगळेच भंगारवाला घेत नाही, आणि नोंदीतील निम्मा घोळ इथेच होतो. एखादा विद्यार्थी वेफर्सचे रिकामे पाकीट निळ्या डब्यात टाकतो तेव्हा तो नियमाप्रमाणेच वागलेला असतो. पण त्या पाकिटात प्लास्टिक आणि धातूचा पातळ थर एकमेकांना चिकटलेले असल्याने ते वेगळे करणे परवडत नाही, म्हणून शेडमध्ये ते ‘निरुपयोगी’ या ढिगात जाते आणि नकाशावर त्या विद्यार्थ्याच्या डब्याला लाल रंग येतो.

म्हणून नोंदवहीत किमान चार रकाने स्वतंत्र ठेवावेत: खरकटे व ओले, द्रव, सॅनिटरी व घातक, आणि सुके पण न विकले जाणारे. पहिल्या दोन रकान्यांवर आवारात उपाय करता येतो. तिसऱ्याची व्यवस्थाच वेगळी लागते. चौथ्या रकान्याचे उत्तर कॅन्टीनच्या खरेदीत किंवा खरेदीदार बदलण्यात असते, आणि त्यासाठी डब्यापाशी कितीही प्रबोधन केले तरी आकडा हलणार नाही.

कोणता माल का नाकारला जातो हे नोंदणाऱ्या विद्यार्थ्यांना ठाऊक असलेले बरे, कारण कारण माहीत असले की रकाना चुकत नाही. तेल लागलेला कागद लगद्यात मिसळला की तेलाचे डाग तयार कागदावर उतरतात. टिश्यू पेपरचे तंतू आधीच आखूड झालेले असतात, त्यामुळे कोरडा असला तरी त्याला किंमत नाही. चहाच्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचे पातळ अस्तर असते, त्यामुळे तो पांढऱ्या कागदाच्या गठ्ठ्यात चालत नाही. पाण्याच्या बाटल्या ज्या पीईटीच्या असतात ते प्लास्टिक साधारण २५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, तर पीव्हीसी हे पाइपांसाठी वापरले जाणारे प्लास्टिक त्याच्या कितीतरी आधीच विघटित होऊन हायड्रोजन क्लोराइड सोडते. म्हणून बाटल्यांच्या पोत्यात पीव्हीसीचा थोडा अंश गेला तरी सगळा माल पिवळट आणि ठिसूळ होतो. ही माहिती मिळवण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे रोज माल हाताळणाऱ्या माणसाला विचारणे. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना आणि तिच्यातूनच उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था काम करत आहे. त्यांच्या एखाद्या सभासद ताईंना अर्धा तास शेडमध्ये बोलावले तर त्या कोणता कागद कोणत्या भावात जातो आणि कोणता परत येतो हे ढीग बघता बघता सांगतात, आणि त्यापुढे छापील तक्त्याची फारशी गरज राहत नाही. त्या वेळेचा मोबदला त्यांना द्यावा, हे वेगळे सांगायला नको.

नोंद आणि नकाशा

डब्याची जागा मोबाईलच्या जीपीएसवरून टिपण्याचा मोह आवरावा. मोकळ्या मैदानात ती नोंद चार-पाच मीटरपर्यंत बरोबर येते, पण दगडी इमारतींच्या मध्ये आणि गर्द झाडीखाली ती कितीतरी अधिक सरकते आणि मजला तर तिला कळतच नाही. एकाच जिन्यालगत तीन मजल्यांवर तीन डबे असतील तर नकाशावर ते एकमेकांवर येऊन बसतात. त्याऐवजी प्रत्येक डब्याला इमारत, मजला आणि क्रमांक मिळून एक संकेतांक द्यावा, तो पक्क्या रंगाने डब्यावरच लिहावा, आणि इमारतीच्या आराखड्यावर हाताने खूण करावी. बांधकाम विभागाकडे असा आराखडा बहुधा असतोच; तो स्कॅन करून क्यूजीआयएस या नकाशे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवताना यूटीएम या नकाशा-पद्धतीतील, पुणे ज्यात येते तो ४३ उत्तर हा पट्टा निवडावा, म्हणजे डब्यांमधील अंतरे थेट मीटरमध्ये मोजता येतात. ही अंतरे पुढे उपयोगी पडणार आहेत.

डब्यातील माल ताडपत्रीवर ओतून, जाड रबरी हातमोजे घालून, चिमट्याने वेगळा करावा आणि टांगत्या डिजिटल काट्यावर एकूण वजन व चुकीच्या मालाचे वजन घ्यावे. केवळ वजनावर मात्र विसंबून राहू नये. अर्ध्या लिटरची रिकामी बाटली दहा-वीस ग्रॅमची असते आणि तिच्यात उरलेले पाणी दोनशे ग्रॅमचे असू शकते; अशा चार बाटल्या आल्या की डबा ‘भयंकर दूषित’ ठरतो, प्रत्यक्षात त्यातला कागद कोरडाच असतो. उलट चटणी लागलेले टिश्यू पेपर वजनाला काहीच भरत नाहीत आणि पांढऱ्या कागदाचा अख्खा गठ्ठा खराब करतात. म्हणून वजनाबरोबर नगांची संख्याही लिहावी आणि द्रव ओतून घेऊन त्याचे वजन वेगळे ठेवावे.

दुसरी एक अडचण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. पहाटे, सफाईची फेरी सुरू होण्याआधी, अनेक आवारांत कोणीतरी डब्यांतून चांगल्या बाटल्या आणि पुठ्ठा काढून नेते. त्यात गैर काहीच नाही, माल योग्य ठिकाणीच जातो; पण टक्केवारी बिघडते. समजा, डब्यात दोन किलो माल आहे आणि त्यात ३०० ग्रॅम खरकटे आहे, म्हणजे भेसळ १५ टक्के. त्यातून सव्वा किलो बाटल्या निघून गेल्या की उरलेल्या ७५० ग्रॅममध्ये तेच ३०० ग्रॅम ४० टक्के होतात. डब्याजवळून जाणाऱ्या एकाही माणसाची वागणूक बदललेली नाही आणि नकाशावर ठिपका मात्र पिवळ्याचा लाल झालेला आहे. हा परिणाम टाळायचा तर मोजणी संध्याकाळी, शेवटचे तास सुटल्यावर करावी. ते शक्य नसेल तर टक्केवारीऐवजी चुकीच्या मालाचे निव्वळ वजन नकाशावर दाखवावे.

नकाशा रंगवताना तापमानाच्या नकाशासारखे लाल-पिवळे ढग पसरवण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते आणि ते दिसतेही आकर्षक, परंतु दोन डब्यांच्या मधल्या हिरवळीवर भेसळ नसतेच. तिथे रंग भरणे म्हणजे नसलेली माहिती छापणे होय. प्रत्येक डब्यासाठी एक वर्तुळ, वर्तुळाचा आकार एकूण वजनाइतका आणि रंग भेसळीच्या प्रमाणाचा, एवढे पुरे. यात एक फायदा असा की ज्या डब्यात तीनच वस्तू होत्या आणि त्यांपैकी दोन चुकीच्या, तो ६७ टक्क्यांचा डबा बारीकसा दिसतो आणि लक्ष भलतीकडे जात नाही.

मोजणी तीन ठिकाणी करावी

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. एकाच दिवसाचा माल डब्यात, गोळा करणाऱ्या गाडीवर आणि शेडमध्ये असा तीन ठिकाणी मोजला, तर दोष कुठे आहे ते तिथल्या तिथे कळते. डब्यातील भेसळ कमी आणि शेडमधील जास्त असेल, तर विद्यार्थ्यांना काहीही सांगून उपयोग नाही, कारण मिसळण्याचे काम वाटेत होत आहे. डब्यातच ती जास्त असेल आणि शेडपर्यंत तेवढीच राहत असेल, तर डब्याची जागा, झाकण आणि जोडी तपासावी.

शहराच्या पश्चिम भागातील एका महाविद्यालयात, जिथे निळ्या डब्यांत फारसे वावगे सापडत नव्हते पण शेडमधील पोती ओलीच येत होती, तिथे दुसऱ्या मजल्यावरील सफाईच्या मावशींना हा प्रश्न विचारला तेव्हा त्यांनी हातातले काम न थांबवता उत्तर दिले: “सर, डबे दोन आहेत हो, पण मला पिशवी एकच मिळते. अन् साडेसातच्या आत मजला उरकायचा असतो. दोन वेळा जिना उतरू का?” त्यांच्या गाडीला एकच काळी पिशवी अडकवलेली होती. दोन्ही डबे तिच्यात रिकामे होत होते, आणि खाली जिन्याखाली ती पिशवी ‘सुका’ असे लिहिलेल्या पिंपाशेजारी ठेवली जात होती, कारण ओल्याचे पिंप तोपर्यंत भरलेले असे. या सगळ्यात त्यांचा दोष शोधणे अन्यायाचे ठरेल. कंत्राटात पिशव्यांची संख्या ठरलेली, फेरीची वेळ ठरलेली आणि मजूर मोजके. अशा स्थितीत जे होते तेच होत होते.

वाटेत मिसळ होते की नाही याची खात्री करण्याची एक सोपी युक्ती आहे. काही कोऱ्या पुठ्ठ्यांच्या तुकड्यांवर ठळक रंगाची पट्टी चिकटवून ते संध्याकाळी ठरावीक निळ्या डब्यांत टाकावेत, कोणता रंग कोणत्या मजल्याचा हे लिहून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी शेडमध्ये ते कोणत्या पोत्यात निघतात ते पाहावे. ओल्याच्या पोत्यात निघाले, किंवा सुक्याच्या पोत्यात पण भाताने माखलेले निघाले, की वाद संपतो. ही तपासणी व्यवस्थेची आहे, माणसांची नाही, हे सफाई कर्मचाऱ्यांना आधी सांगूनच ती करावी. नाही तर मावशींचा विश्वास जातो आणि पुढची कोणतीच माहिती मिळत नाही.

दुरुस्तीसाठी गाडीला दोन वेगळ्या रंगांच्या, शक्यतो पारदर्शक पिशव्या अडकवण्याची सोय करावी. पारदर्शक पिशवीचा फायदा पर्यवेक्षकाला होतो, कारण त्याला ती उघडून बघावी लागत नाही. त्याहूनही परिणामकारक उपाय म्हणजे फेऱ्यांच्या वेळाच वेगळ्या करणे: ओला कचरा दुपारी कॅन्टीनची गर्दी ओसरल्यावर आणि सुका सकाळी. तसे केल्याने ओला कचरा रात्रभर कुजत नाही आणि गाडीवर एका वेळी एकच प्रकारचा माल राहतो. हे बदल तोंडी सूचनेने टिकत नाहीत. कंत्राटाच्या नूतनीकरणाच्या वेळी पिशव्यांचे रंग, फेऱ्यांच्या वेळा आणि त्यासाठी लागणारी वाढीव मजुरी कलम म्हणून लिहून घ्यावी लागते. वाढीव मजुरीशिवाय दोन फेऱ्या मागणाऱ्या संस्थेला तिचा जुना नकाशाच परत मिळेल.

डब्यापाशीच बिघडत असेल तर

इथे पहिला संशय एकट्या डब्यावर घ्यावा. निळा डबा आहे आणि त्याच्या दोन पावलांवर हिरवा नाही, अशा प्रत्येक जागी भेसळ होणारच, कारण केळ्याची साल हातात धरून कोणीही मजला ओलांडून जात नाही. नकाशावर निळ्या डब्यापासून जवळच्या हिरव्या डब्याचे अंतर काढले की असे एकटे डबे ताबडतोब उघडे पडतात. कधी जोडी कागदावर असते आणि प्रत्यक्षात शिपायांनी हिरवा डबा वास येतो म्हणून जिन्याच्या पलीकडे सरकवलेला असतो. त्यावर उपाय डबा परत आणण्याचा नसून तो दिवसातून दोनदा रिकामा करण्याचा आहे, अन्यथा तो पुन्हा सरकणार.

दुसरा संशय द्रवावर. अभ्यासिकेबाहेरच्या एका निळ्या डब्यातील माल थराथराने बाजूला करत गेलो तेव्हा वरच्या थरात झेरॉक्सच्या प्रती होत्या, स्वच्छ आणि कोरड्या. त्यांच्या खाली वडापावाच्या तेलाने अर्धपारदर्शक झालेला वर्तमानपत्राचा तुकडा होता. त्याच्या खाली एकात एक बसवलेले कागदी कप होते, आणि सर्वांत वरच्या कपात उरलेला दोन घोट चहा कलंडून खालच्या प्रतींच्या गठ्ठ्यात असा उतरला होता की पाने एकमेकांना चिकटून त्यांची एक तपकिरी वीट झाली होती. खाली एक पाकीट पेन्सिल सेलचे. एवढ्या सगळ्या मालात खरे खरकटे जवळपास नव्हतेच. नुकसान केले ते दोन घोट चहाने. (वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अनेकदा बजावले आहे, टपऱ्यांवर त्याचा परिणाम किती झाला ते दिसतेच.)

अशा ठिकाणी फलक बदलून काही होत नाही. डब्यांच्या जोडीशेजारी जाळी बसवलेली एक झाकणाची बादली ठेवावी, म्हणजे उरलेला चहा, पाणी आणि थंड पेये तिच्यात ओतता येतात आणि चोथा जाळीवर अडकतो. शेजारी कप एकात एक उभे रचण्यासाठी एक नळकांडे लावले तर कप डब्यात पसरतही नाहीत. बादली रोज धुवावी लागते. ते काम कोणाचे हे आधी ठरवले नाही, तर आठवड्याभरात माशांमुळे ती हटवण्याची मागणी येते. निळ्या डब्याच्या झाकणाला बाटलीपुरते गोल छिद्र आणि कागदापुरती आडवी फट ठेवली तर खाण्याची पाकिटे त्यात कोंबण्याचे प्रमाण कमी होते, पण पुठ्ठ्याचे खोके जिथे जास्त निघतात त्या कार्यालयीन भागात हे झाकण लावू नये, कारण तिथे खोकी डब्याबाहेर साचतात.

कॅन्टीनच्या दारातील डबे हा स्वतंत्र विषय आहे. कागदी प्लेट आणि तीवर चिकटलेले मिसळीचे फरसाण यांना कोणत्या डब्यात टाकावे याचे बरोबर उत्तरच नाही, आणि बरोबर उत्तर नसलेला प्रश्न दिवसातून शेकडो वेळा विचारला तर चुकीची उत्तरेच गोळा होणार. स्टीलच्या प्लेट आणि धुण्याची सोय हाच इथला उपाय आहे. तो खर्चिक आहे असे कॅन्टीनचालक सांगतात. त्यांच्या हिशोबात प्लेटची खरेदी असते, शेडमधील वर्गीकरणाची मजुरी नसते.

वेळापत्रक

वर्षाची एकच सरासरी काढू नये. प्रवेशाच्या काळात पालकांची वर्दळ असते, गणेशोत्सवात निर्माल्य येते, स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात जेवणाची पाकिटे वाढतात आणि परीक्षेच्या दिवसांत अभ्यासिकेभोवतीचा भार दुप्पट वाटावा इतका होतो. या प्रत्येकाचा नकाशात वेगळा थर ठेवावा. जून ते सप्टेंबर या काळात उघड्यावरच्या डब्यांत पावसाचे पाणी शिरते आणि पुठ्ठा ते शोषून घेतो, त्यामुळे वजन फुगते. पाऊस झाल्याची नोंद नसेल तर जुलैमधील वाढ विद्यार्थ्यांच्या नावावर जमा होते. बाहेरच्या डब्यांना छत घालणे हा स्वस्त उपाय आहे.

वसतिगृह

वसतिगृहात बाहेरून मागवलेल्या जेवणाचे डबे आणि स्वच्छतागृहांतील सॅनिटरी कचरा हे दोन प्रश्न राहतात. पहिल्यासाठी प्रत्येक मजल्यावर डबे विसळण्यापुरते एक बेसिन पुरते. दुसरा भेसळीच्या नकाशात न दाखवता स्वतंत्र हाताळावा: कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची पद्धत पुण्यात कचरावेचकांनीच पुढे आणली आहे, आणि ती पाळली गेली तर तो कचरा निवडणाऱ्याच्या उघड्या हाताला लागत नाही. स्वच्छतागृहातच झाकणाचा वेगळा डबा आणि कागदाच्या चळती ठेवल्याशिवाय ती पाळली जात नाही.

दुरुस्ती टिकली की नाही

एका वेळी एकच बदल करावा आणि काही डबे जाणीवपूर्वक जसे आहेत तसेच ठेवावेत, म्हणजे सुधारणा बदलामुळे झाली की सुट्टीमुळे हे कळते. फेरमोजणी आधीच्याच वेळी, त्याच डब्यांची आणि आगाऊ सूचना न देता करावी. ती पंधरवड्याने एकदा आणि पुढच्या सत्रात एकदा झाली पाहिजे, कारण पहिल्या पंधरवड्यातील आकडा नव्या डब्यांच्या कौतुकाचा असतो. शेडमधील पोत्यांना मिळालेला भाव हा त्याहून भरवशाचा निर्देशांक आहे. भंगारवाला कोणाच्याही मोहिमेची भीड ठेवत नाही.

एवढे करूनही एक-दोन डबे हट्टाने लाल राहतात, आणि ते बहुधा प्रवेशद्वाराजवळचे असतात, जिथे बाहेरच्या टपरीवरचा कप हातात घेऊन आत येणारा प्रत्येक जण तो पहिल्या दिसेल त्या डब्यात सोडतो. तिथे निळा डबा काढून टाकावा आणि टपरीच्या मालकांशी बोलून पिंप टपरीच्याच बाजूला ठेवण्याची व्यवस्था करावी. मात्र डबा हलवल्यानंतर आतल्या बाजूच्या सर्वांत जवळच्या दोन डब्यांचे वजन पुढचे काही आठवडे नोंदवत राहावे, म्हणजे तो कचरा खरोखर पिंपात गेला की केवळ पन्नास मीटर आत सरकला ते स्पष्ट होईल.